अंतूच्या लॉरीचे दात

माझे वडील मोटारी दुरुस्त करत आणि त्यांना ऐकू येत नसे. हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते, पण रत्नागिरीत माळनाक्यावर आमच्या मांगरापुढे ज्यांच्या मोटारी येऊन उभ्या राहत, त्यांना त्यात गमतीचं काही दिसत नसे. नाना तरुणपणी आगबोटीच्या इंजिनखोलीत तेलवाले होते. तिथल्या घणघणाटात त्यांचे कान हळूहळू गेले आणि मग ते बोट सोडून घरी आले. अगदी कानाशी ओरडलं तरच चार शब्द पोचत, बाकी ते ओठांवरून वाचत. एखादं यंत्र चालू असलं की ते लांब पेचकस दातांत धरत आणि त्याचं टोक इंजिनाला टेकवत. खडखड किती, थरथर किती, हे त्यांना दातांतून कळे. सूर मात्र कळत नसे. सुरासाठी मी होते. "इंदे, काय म्हणतंय बघ," अशी हाक आली की मी हाताचं पीठ झटकत, कधी वेणी अर्धी सोडून, मांगरात जाऊन उभी राही. शीळ घालतंय, दळतंय, खोकतंय, मधेच आवंढा गिळतंय, असं मी सांगायची आणि त्याचा अर्थ नाना लावायचे. माझं लग्नाचं वय उलटत चाललं होतं. आई त्यावरून नानांशी हातवारे करकरून भांडे, आणि नाना त्या भांडणातलं सोयीचं तेवढंच तिच्या ओठांवरून वाचत.

आमचं घर तीन खोल्यांचं, कौलारू, पुढे पडवी आणि पडवीला लागून मांगर. मांगरात पूर्वी गुरं होती, आता तिथे मोटारी असत, पण शेणाचा वास काही गेला नव्हता. त्यात तेलाचा आणि रॉकेलचा मिसळला, एवढंच. समुद्र घरातून दिसत नसे. पावसाळ्यात मात्र त्याची गाज दिवसरात्र जमिनीखालून यावी तशी येत राही. त्या गाजेवर आईच्या जात्याची घरघर, पन्हळीचं पाणी, आणि नानांच्या हातोडीचे ठोके. जेवायला उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं पिठलं, सुक्या बोंबलांची चटणी, कोकमाचं सार. नानांना जेवताना बोललेलं आवडत नसे. मान खाली घातली की त्यांना कुणाचे ओठ दिसत नसत, आणि आपल्याला वगळून काही बोललं जातंय असं त्यांना वाटे. त्यामुळे आमच्याकडे जेवणं मुक्याने होत.

माझा थोरला भाऊ दत्तू आमची लॉरी चालवी. पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद झाल्या की गूळ, कांदे, मिरची, कापड, औषधं, सगळं कोल्हापुराकडून आंबा घाट उतरून येई, आणि अशा लॉऱ्या तेव्हा मोजक्याच होत्या. त्या वर्षी आषाढात नाणीजच्या चढावर आमची लॉरी भरल्या मालासकट जागच्या जागी थांबली. इंजिन चालू, पण चाकं फिरेनात. बैलांनी ओढून घरी आणल्यावर नानांनी मागच्या आसाच्या मधला लोखंडी गोळा उघडला. त्या गोळ्यात एक मोठं दातेरी चाक असतं आणि त्याला भिडलेलं एक लहान. इंजिनाची ताकद लहान चाकातून मोठ्यात जाते आणि तिथून दोन्ही बाजूंच्या चाकांना. नानांनी तेलात हात घातला आणि मूठभर दात बाहेर काढून पडवीच्या पायरीवर ठेवले. तुटलेल्या लोखंडी दातांचा तो ढीग बघून आईने तोंड फिरवलं.

नवी जोडी मुंबईहून आणायची तर बोटी सुरू व्हायला हव्या होत्या, म्हणजे गणपती उजाडणार. दत्तूच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून एक जोडी आणून दिली. वरून ती झकास दिसत होती. नानांनी दोन्ही चाकं गुडघ्यावर घेतली, दातांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"हे दोन गाड्यांचं आहे," ते म्हणाले. "मोठं एकीचं, लहान दुसरीचं. एकत्र झिजलेलीच एकत्र चालतात. आणि हे सपाटीवरचे दात आहेत, पळायला केलेले. चढताना दम खातील, ते एक वेळ परवडलं. उतरताना धरून ठेवणार नाहीत."

दत्तू म्हणाला, "ब्रेक आहेत ना."

नानांनी ते ओठांवरून वाचलं. "आंबा घाटात ब्रेक किती वेळ पुरतात ते तुला सांगायला नको," ते म्हणाले, आणि मोठं चाक दोरीने तुळईला टांगून माझ्या हातात हातोडी दिली. धड लोखंड वाजतं. कुठे केसाएवढी चीर असली तर वाजत नाही. मी ठोका दिला. पिचक्या मडक्यासारखा आवाज आला आणि तिथेच मेला. मी मान हलवली. नानांनी ते चाक उतरवून कोपऱ्यात ठेवलं.

त्या चाकाकडे बघत दत्तू म्हणाला, "अंतूची लॉरी तशीच पडलीय घाटात."

अंतू पालीचा. दत्तूच्याच वयाचा, आमच्या लॉरीसारखीच लॉरी चालवणारा. त्याच्या लॉरीच्या मागच्या गोळ्याला एक सूर होता. कुणी ओठ मिटून गुणगुणावं तसा. चढाला वर जाणारा, उताराला खर्जात येणारा. हातखंब्यापासून साखरप्यापर्यंत बायका तो सूर ऐकून सांगत, अंतू आला म्हणून. गेल्या वर्षी श्रावणात घाटात रस्त्याची कड ढासळली आणि अंतू लॉरीसकट दरीत गेला. लॉरी झाडांत अडकून राहिली. अंतू सापडला नाही. खालचा ओढा काजळी नदीला मिळतो आणि नदी तेव्हा दुथडी भरून चालली होती. लोकांनी पार खाडीपर्यंत शोधलं. त्याची आई, पारूबाय, हिने मात्र दिवस करू दिले नाहीत. प्रेत दाखवा, मग बघू, असं म्हणाली. रोज त्याचं ताट वाढून ठेवते, असं लोक सांगत.

"मेल्या माणसाचं सामान नको," आई म्हणाली. तिने ते नानांकडे तोंड करून, सावकाश, नीट वाचता येईल असं म्हटलं.

नाना म्हणाले, "सामानाला मरण नसतं. पण विचारल्याशिवाय आणायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीने नाना आणि मी पालीला गेलो. मी हवीच होते; अनोळखी माणसाचे ओठ नानांना लवकर वाचता येत नसत. पारूबायचं घर रस्त्याला लागून, उताराच्या तळाशी. ती ओटीवर सुपात नाचणी निवडत होती. उंच, काटक बाई, डोळ्यांत पाणी नाही की काही नाही. नानांनी काय हवंय ते सांगितलं. ती निवडायची थांबली नाही.

"माज्या लेकाच्या गाडीचा काय काय नेताव?" तिने मला विचारलं.

"मागचे दात. बाकी काही नाही."

"बाकीची गाडी दातांबिगर चालंल?"

"नाही चालणार."

तिने थोडा विचार केला. "नेवा," ती म्हणाली. "पन त्यो आला म्हंजे परत द्यावे लागतील. त्येला लागतील."

मी ते नानांच्या कानाशी ओरडून सांगितलं, कारण त्यांना ओठ कळले नव्हते. भर रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्याने मला ते वाक्य ओरडावं लागलं. नानांनी पारूबायकडे बघून हात जोडले आणि "देईन" म्हणाले. निघताना मी आत नजर टाकली. चुलीशेजारी पाट मांडलेला होता आणि पाटापुढे पालथं घातलेलं स्वच्छ ताट.

दरीत उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण झाडं गळत होती. बरोबर दत्तू आणि साखरप्याचे दोन गडी, दोर घेतलेले. लॉरी उलटी पडली होती, चाकं आभाळाकडे. वर्षभरात तिच्यावर वेल चढले होते, छपराच्या लाकडावर अळंबी आली होती, एका चाकात कसल्याशा पाखराचं घरटं होतं. ओढ्याचा आवाज एवढा की गडी एकमेकांशी खुणांनी बोलत. त्या दिवशी आम्ही सगळेच नानांसारखे झालो होतो. मागचा गोळा सगळ्यात वर होता. झाकणाचे बोल्ट गंजून घट्ट बसले असतील अशी तयारी करून दत्तू आला होता. ते एकामागून एक सहज सुटत गेले, कालच आवळल्यासारखे. दत्तूने आत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला.

"नाना, तेल कोमट आहे."

नानांनी स्वतः हात घातला. किती तरी वेळ तो त्यांनी आत ठेवला. मग हात पुसत म्हणाले, "काळं लोखंड ऊन धरून ठेवतं." ऊन आम्ही पंधरवड्यात बघितलं नव्हतं. दत्तू त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग कामाला लागला.

जोडी बाहेर आली तेव्हा तिच्या दातांवर गंजाचा ठिपका नव्हता. एकत्र झिजलेले, गुळगुळीत, चढासाठी केलेले दात. नानांचा चेहरा उजळला. चांगलं लोखंड बघून त्यांचा नेहमी उजळे. मोठं चाक फांदीला टांगून त्यांनी मला खूण केली. मी ठोका दिला. ते वाजलं, स्वच्छ आणि लांब. इतकं लांब, की ठीक आहे हे सांगायला मी मान डोलावली, नानांनी चाकावर हात ठेवून ते थांबवलं, तरी मला ते ऐकू येत होतं. चाकावर हात ठेवला की आवाज मरतो. हा मेला नाही. तो झाडांमधून खाली ओढ्याकडे गेला आणि तिथून कुणीतरी ओठ मिटून तो उचलला असावा तसा सुरू राहिला. गड्यांपैकी म्हाताऱ्याने पागोटं काढून हातात घेतलं. दरीत आवाज घुमतो, हे मला आजही कळतं. माझ्या नातवाने मला तेच समजावून सांगितलं. पण घुमलेला आवाज विरत जातो. हा नुसता दूर जात होता.

"कसं आहे?" नानांनी विचारलं.

"धड आहे," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार. ते धडच होतं.

जोडी बसवायला नानांना बरेच दिवस लागले. दात एकमेकांत नीट बसतात की नाही हे बघायला ते तेलात शेंदूर कालवून मोठ्या चाकाच्या दातांना लावत, मग हाताने फिरवून लहान चाकावर शेंदूर कुठे उमटतो ते बघत. खोल उमटला तर एक पातळ चकती काढायची, वर उमटला तर घालायची. एके सकाळी आई चहा घेऊन मांगरात आली आणि ठोकळ्यांवर ठेवलेलं ते शेंदूर माखलेलं चाक बघून जागीच उभी राहिली. चहा खाली ठेवून तिने नमस्कार केला. त्या दिवसापासून ती मांगरात आली नाही. चहा पडवीच्या कठड्यावर ठेवून जाई.

पहिल्या खेपेला नानांनी मला दत्तूशेजारी बसवलं, आवाज ऐकायला. हातखंब्यापर्यंत मी गोळ्याकडे कान लावून होते. आमच्या लॉरीचा जुना दळल्यासारखा आवाज गेला होता. सुरुवातीला काहीच नव्हतं. मग तेल तापलं, चढ लागला, आणि आमच्या पाठीमागे, फळीच्या खाली, कुणीतरी गुणगुणायला लागलं. दत्तूने माझ्याकडे बघितलं नाही आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही. पालीच्या उताराला सूर खर्जात गेला. शेतांत लावणीच्या बायका होत्या. त्या ओणव्या होत्या त्या सरळ झाल्या, एकदम सगळ्या, आणि इरल्यांखालून रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

पारूबाय रस्त्यावर आली होती. दत्तूने लॉरी थांबवली. ती पुढे आली, दत्तूला बघितलं, मला बघितलं, आमच्या दोघांमधल्या रिकाम्या जागेकडे थोडा वेळ बघितलं. मग वळसा घालून मागे गेली आणि वाकून, चिखल लागलेल्या त्या गरम गोळ्यावर तळहात ठेवला. मुलाला ताप आहे का हे बघताना ठेवतात तसा. ती घरात गेली, आणि पानात बांधलेली तांदळाची भाकरी आणि फणसाच्या उकडलेल्या आठळ्या घेऊन आली. "वाटंत खा," ती दत्तूला म्हणाली.

त्यानंतर दर खेपेला हे ठरलेलंच झालं. सूर लांबून यायचा, पारूबाय रस्त्यावर यायची, गोळ्याला हात लावायची, पान द्यायची. लोक म्हणत, बाई सुधारली. तिने घर शाकारून घेतलं, शेजारणींशी बोलायला लागली. दत्तू मात्र खंगत गेला. बरोबरचा क्लीनर काम सोडून गेला. घाटात कुणीतरी फळीवर मागून टकटक करतं, असं म्हणाला. दत्तूने तसलं काही सांगितलं नाही. तो एकदाच मला म्हणाला, विहिरीवर, मी पाणी काढत होते तेव्हा. "पालीला मी गाडी थांबवत नाही इंदे. मी ठरवून पुढे जायला बघतो. पाय आपोआप ब्रेकवर दाबला जातो." मी विचारलं, मग घाटात? तो म्हणाला, "घाटात इतकी चांगली गाडी मी जन्मात चालवली नव्हती. वळण यायच्या आधी हातांना कळतं. त्याचीच भीती वाटते."

मी हे नानांना सांगितलं नाही. एवढं सगळं कानाशी ओरडून सांगायचं म्हणजे गल्लीला सांगण्यासारखं होतं.

भाद्रपद लागला. बोटी सुरू झाल्याची बातमी आली आणि नव्या जोडीची मागणी मुंबईला गेली. त्याच सुमाराला मागच्या चाकाचं काही काम निघालं म्हणून नानांनी लॉरी मांगरात ठोकळ्यांवर चढवली. चारही चाकं काढून भिंतीला लावलेली. संध्याकाळी दिवे लागल्यावर आम्ही जेवायला बसलो; पाऊस नव्हता, पन्हळ कोरडी होती, समुद्राची गाजही उतरली होती. पिठलं होतं. दत्तू नानांच्या शेजारी, मी समोर, आई वाढत होती.

मला ते आधी ऐकू आलं. नाक्याच्या चढावरून, लांबून, ओठ मिटून गुणगुणल्यासारखं. मी घास हातात धरून बसले. वाटलं, मनाचे खेळ असतील. मी दत्तूकडे बघितलं. त्याची नजर ताटात होती, पण त्याचा हात थांबला होता. आई वाढता वाढता पळी भांड्यावर धरून उभी होती. कुणीच काही बोललं नाही, कारण आमच्याकडे जेवताना बोलत नसत. सूर वर चढत आला, अगदी तसाच, आणि घराजवळ आला तसा खाली उतरला.

तेवढ्यात नानांनी ताटातून मान वर केली. दाराकडे बघून ते म्हणाले, "दत्तू आला वाटतं."

कित्येक वर्षांत ज्या माणसाने आरतीची झांज ऐकली नव्हती, तो हे म्हणाला. अगदी साधेपणाने म्हणाला, कुणीही म्हणेल तसा. मग त्यांची नजर शेजारी बसलेल्या दत्तूवर गेली. मी माझ्या वडिलांचा चेहरा इतका उघडा कधी पाहिला नाही, ना त्याआधी ना नंतर. भीती त्यात होतीच. पण त्याआधी, क्षणभर, त्यात आनंद होता. ऐकू आल्याचा.

फाटकाशी आवाज थांबला. इंजिन बंद केल्यावर लोखंड निवताना टिकटिक होते तशी थोडी टिकटिक झाली. कुणी उतरलं नाही. कुणी हाक मारली नाही. शेवटी नाना उठले, कंदील घेऊन एकटेच मांगरात गेले आणि परत आले. "गाडी ठोकळ्यांवर आहे," ते म्हणाले. त्यांनी हात धुतले. दत्तू म्हणाला, "नवे दात येईपर्यंत मी चालवणार नाही," आणि नानांनी ते ओठांवरून वाचून कंदील खुंटीला अडकवला. त्या रात्री अन्न तसंच राहिलं.

सकाळच्या पहिल्या मोटारीने आम्ही पालीला गेलो, नाना आणि मी. नवे दात आले की तुमचे परत आणून देतो, हे सांगायला. नानांनी कबूल केलं होतं, आणि आता त्यांना ते घरात ठेवायचे नव्हते. पारूबाय ओटीवर बसली होती. तिच्यासमोर काही काम नव्हतं. आम्हाला बघून ती जराही चकित झाली नाही. आम्ही बसायच्या आतच तिने विचारलं, "काल तुमच्याकडं आला व्हता काय?"

माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसायचं ते दिसलं असावं.

"हितनं गेला," ती म्हणाली. "दिवे लावत व्हते तवा. घाटाकडनं आला आनि गेला खाली. मी रस्त्यावर जाऊन हुबी ऱ्हायले. वाऱ्यानं माजा पदर हालला बग, येवडा जवळनं गेला. थांबला नाय."

"लॉरी आमच्या घरी होती," मी म्हणाले. "चाकं काढलेली."

"ती तुमची," पारूबाय म्हणाली. "ही त्येची." ती आत चुलीशेजारच्या पाटाकडे बघत होती, पाट तिथेच होता, ताट नव्हतं. "येवडे दिवस तुमच्या गाडीतनं यायचा तवा मना वाटायचा, आज उतरंल, उद्या उतरंल. काल समोरनं गेला. जिता असता तर आयशीला बगून उतरला असता, नाय? दुसऱ्याची गाडी असती तरी उतरला असता." तिने डोळे पुसले नाहीत, कारण त्यात काही नव्हतं. "म्हंजे गेलाच त्यो."

मी नानांना सांगायला वळले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी तिच्या ओठांवरून सगळं वाचलं होतं, किंवा कसं ते मला माहीत नाही. ते म्हणाले, "बाई, दात तुमचे आहेत. आणून देतो."

"आनि कुनाला देताव?" ती म्हणाली. "तुमच्याकडं बगाया आला व्हता, बेस हायत का म्हणून. हायत ना?"

"आहेत," नाना म्हणाले.

"मग ऱ्हावंदेत."

नवी जोडी आली, तिला तेल लावून नानांनी पेटीत ठेवली आणि ती कुणा दुसऱ्याच्या लॉरीला गेली. दत्तूने लॉरी पुन्हा चालवायला घेतली, कारण पारूबायने ती मागवली. अंतूचे दिवस करायचे ठरले होते. देह सापडला नसेल तेव्हा दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात, ती साखरप्याखाली नदीकाठी व्हायची होती. तिच्या दिराचा मुलगा मुंबईच्या गिरणीतून रजा काढून आला होता, तो सामान घेऊन मागे बसला. नाना गाडी चालवणाऱ्या दत्तूच्या शेजारी, मग पारूबाय, आणि दाराकडे मी. आम्ही चौघं पुढे कसे मावलो कोण जाणे. मोटारीत बसायची ती तिची पहिलीच वेळ. मुलगा ड्रायव्हर असून ती कधी चढली नव्हती. जीव घाबरतो म्हणायची. पहिल्या वळणाला तिने माझं मनगट धरलं आणि पुढे सोडलंच नाही. तिच्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही माझ्या हातावर होते.

दत्तू फार हळू चालवत होता. प्रत्येक खड्डा चुकवत, प्रत्येक वळणाला जवळजवळ थांबत. पाठीमागे सूर चालू होता, आणि मी तो नेहमीसारखा कान देऊन ऐकत होते. त्यात दळण नव्हतं, खोकला नव्हता. तेल तापलेले चांगले दात होते. नाणीज गेलं. ऊन पडलं होतं, भात पोटरीला आला होता, आणि रस्ता सरळ खाली जात होता. पारूबाय पुढच्या काचेतून टक लावून बघत होती. मग ती पुढे वाकली आणि नानांच्या पलीकडे दत्तूकडे बघून म्हणाली,

"वायच जोरात घे रे बाबा. येवड्या हळू माजा पोरगा कदी चालवत नसंल."

नानांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणाली, असं डोळ्यांनी विचारलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, इंजिनाच्या वर, गळा काढून ते ओरडून सांगितलं. पारूबाय माझ्या त्या ओरडण्याने दचकली आणि पदर तोंडाला लावून हसली. नानांनी दत्तूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घे." दत्तूने गाडी सोडली.